हाताला काम आणि शेजारी माणूस

शनिवार, रात्र

जी माणसे वर्षानुवर्षे कुणाजवळ मन मोकळे करत नाहीत, तीच लाकडाला रंधा मारता मारता इतक्या सहजपणे कशी बोलू लागतात, हा विचार आज आमच्या लाकूडकामाच्या कार्यशाळेतून परतल्यापासून डोक्यात घोळतो आहे. झोप येण्यापूर्वी तो कागदावर उतरवून ठेवतो.

पुरुषांची मैत्री बहुतेक वेळा कशाच्या ना कशाच्या आधाराने चालते. कचेरी, कारखाना, खेळाचे मैदान, रोजची ठरलेली गाडी, असे काहीतरी निमित्त असते, आणि ते असेपर्यंत आपल्याला मित्र आहेत याबद्दल शंका येत नाही. नोकरी संपली की पगाराबरोबर तो सहवासही संपतो, आणि सहज चौकशीसाठी फोन करायची सवय आयुष्यभर लागलेली नसल्यामुळे तो पुन्हा कसा जोडावा हे कळत नाही. घरातली नातीगोती, वाढदिवस, आजारपणातली विचारपूस ही सारी पत्नीने सांभाळलेली असेल, तर ती गेल्यावर केवळ एक माणूस जात नाही. तिच्यामुळे घराशी जोडलेली कितीतरी माणसे हळूहळू दुरावतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाने २०२५ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार जगातल्या दर सहा माणसांपैकी एकाला एकटेपणा ग्रासतो, आणि वर्षाला सुमारे ८ लाख ७१ हजार मृत्यूंशी त्याचा संबंध जोडता येतो. त्यात स्त्रिया आणि पुरुष दोघेही आले. मात्र आत्महत्यांचे प्रमाण जगभरात पुरुषांमध्ये स्त्रियांच्या दुपटीहून जास्त आहे, हे लक्षात घेतले तर पुरुषाच्या गप्प राहण्याकडे ‘त्याचा स्वभावच तसा’ असे म्हणून कानाडोळा करणे मला क्रूरपणाचे वाटते.

अशा पुरुषांसाठी कार्यशाळा काढण्याची कल्पना ऑस्ट्रेलियातली. दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या गूलवा या छोट्या गावी मॅक्सीन चेसलिंग यांनी १९९३ साली ज्येष्ठांच्या केंद्राला जोडून ‘द शेड’ सुरू केली. ‘मेन्स शेड’, म्हणजे पुरुषांची कार्यशाळा, हे नाव घेऊन उघडलेली पहिली जागा १९९८ साली व्हिक्टोरियातल्या टोंगाला येथे उभी राहिली. २००७ साली अशा शेडची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली, पुढे आयर्लंड आणि ब्रिटनमध्येही ही चळवळ रुजली, आणि आज एकट्या ऑस्ट्रेलियात अशा हजाराहून अधिक शेड आहेत. ‘पुरुष समोरासमोर बसून बोलत नाहीत, ते खांद्याला खांदा लावून बोलतात’ असे त्यांचे ब्रीदवाक्य आहे. त्या वाक्याचा अर्थ मला आमच्या कामाच्या लांबट टेबलापाशी उभा राहिल्यावर खऱ्या अर्थाने उमगला.

आज एका जुन्या स्टुलाचे काम चालले होते. एक पाय खाचेत डुगडुगत होता. तो काढून, जुना वाळलेला सरस पटाशीने खरवडून, नवा सरस लावून तो पुन्हा ठोकून बसवायचा होता. ज्यांच्याकडे हे काम होते ते निवृत्त गृहस्थ मोजकेच बोलणारे आहेत. त्यांनी शेजारच्या तरुणाला इतकेच म्हटले, “जरा हे धरता का? गुण्या लावून बघतो.” तरुणाने पाय धरला, काटकोन जुळला, शिकंजा आवळला, कडेने ओघळलेला सरस फडक्याने पुसला गेला, आणि मग सरस वाळेपर्यंत दोघांनाही करण्यासारखे काही उरले नाही. या सक्तीच्या उसंतीत, नजर स्टुलावरच ठेवून, ते गृहस्थ म्हणाले, “घरी संध्याकाळी फार शांत असते हो.” तरुणाने ‘हो’ म्हटले आणि थोड्या वेळाने विचारले, “काका, किती दिवस झाले काकूंना जाऊन?” पुढचे बोलणे मी मुद्दाम ऐकले नाही, पॉलिश पेपर घेऊन पलीकडच्या टोकाला गेलो.

हेच वाक्य त्यांनी समुपदेशकासमोर खुर्चीत बसून उच्चारले असते का, याची मला दाट शंका आहे. समोर बसलेला माणूस उत्तराची वाट पाहत असतो, आणि त्या वाट पाहण्याचेच दडपण येते. इथे नजरेला आणि हातांना दुसरे काम असते, अर्धवट राहिलेले वाक्य तसेच सोडून देता येते, आणि गप्प राहिले तरी कुणी कारण विचारत नाही. शिवाय वस्तू अर्धी राहिली की पुढच्या आठवड्यात येणे भागच पडते.

पण मला सर्वांत मोलाचे वाटते ते ‘जरा हे धरता का’ हे विचारणे. एकट्या पडलेल्या पुरुषाला मदत देऊ करणारे पुष्कळ असतात. त्याची मदत मागणारे जवळजवळ कुणी उरलेले नसते. आयुष्यभर ज्याच्या शब्दावर चार माणसे अवलंबून होती, त्याला अचानक सगळे जपू लागतात, त्याच्या हातातली पिशवी काढून घेतात, त्याला बसायला सांगतात. त्या जपण्यात प्रेमच असते, पण आता आपल्यावाचून कुणाचे काही अडत नाही, ही जाणीवही त्यातूनच पक्की होत जाते. कार्यशाळा त्याला पुन्हा कुणाच्या तरी गरजेचा करते. म्हणूनच ‘एकटेपणावर उपाय’ अशी पाटी दारावर लावू नये, असे मला मनापासून वाटते. त्या पाटीखालून आत शिरायला ज्याला सर्वाधिक गरज आहे तोच धजावणार नाही. ‘खुर्ची दुरुस्त करायची आहे, हात हवे आहेत’ म्हटले तर येईल.

याच कारणासाठी कार्यशाळेचा कारखाना होऊ देणे मला धोक्याचे वाटते. दुरुस्तीची कामे वाढली की कुणीतरी वेळापत्रक मांडतो, मग वेगाने काम करणारे पुढे आणि थरथरत्या हातांचे मागे राहतात. विजेची यंत्रे दिवसभर चालू ठेवली तर काम भराभर उरकते, पण त्या आवाजात बोलणे अशक्य होते. यंत्रांची वेळ ठरवून उरलेला वेळ हातकामाला ठेवावा, असे मी आज पुन्हा सुचवले. ज्यांना लाकूडकाम जमत नाही त्यांच्यासाठी हिशेब, हत्यारांची नोंद, रोपांची निगा, नव्याने येणाऱ्यांना सुरक्षेचे नियम समजावणे अशी कितीतरी कामे आहेत, आणि त्यांचा मान कमी असता कामा नये. जो खोल नैराश्यात आहे, जगणे नको असे बोलू लागला आहे, त्याला मात्र डॉक्टरांकडे नेलेच पाहिजे. कार्यशाळेने सोबत जावे, डॉक्टरांची जागा घेऊ नये.

आमच्यातले एक आजोबा गेल्या काही आठवड्यांपासून आलेले नाहीत. गुडघे दुखतात, असे त्यांनी निरोपात कळवले होते, आणि आम्ही सर्वांनी ‘विश्रांती घ्या’ असे उलट कळवले. आज संध्याकाळी हत्यारांची पेटी आवरताना पाहिले, तर निम्म्याहून अधिक पटाश्या बोथट झाल्या आहेत. दगडावर तेल सोडून, पात्याचा कोन हलू न देता धार लावणे त्यांच्याइतके आमच्यापैकी कुणालाच येत नाही, आणि ते काम बसून करता येते. उद्या सकाळी मी त्यांना फोन करणार आहे आणि पटाश्यांची अडचण सांगणार आहे. त्यांना यायला जमत नसेल, तर पेटी आणि दगड घेऊन मीच त्यांच्या घरी जाईन, आणि दोन तरुणांना धार लावायला शिकवाल का, असे विचारीन.