भितरलो

सोमवार, ५ जानेवारी २०२६. रात्रीचे सव्वादहा.

फेरीबोटीत आज एक शब्द बोलले आणि तो दाढेत काटा अडकावा तसा अडकलाय. जीभ सारखी तिथेच जाते.

बाबांचे डोळे दाखवून आम्ही परतत होतो. जुन्या गोव्याची दुपारची फेरी, निम्मी स्कूटरींनी भरलेली. शेजारी पाठीवर सॅक लावलेला एक मुलगा, बोलण्यावरून पुण्याकडचा. मोबाइलवर नौदलाच्या त्या शिवलेल्या जहाजाचा, कौंडिण्यचा, व्हिडिओ बघत होता. माझ्याकडे वळून म्हणाला, “काकू, हे इथेच दिवाडीला बांधलंय ना? होड्या शिवणारे अजून आहेत का कुणी बेटावर?”

“नाहीत,” मी म्हणाले. “ती माणसं केरळहून आली होती.”

आणि बाबा माझ्या डाव्या हाताला उभे. कठडा धरून, थेंब घातलेले डोळे बारीक करून पाण्याकडे बघत. एक अक्षर बोलले नाहीत. कान मात्र त्यांचे अजून माझ्यापेक्षा तिखट आहेत.

खोटं बोलले का मी? नाही. कौंडिण्य आमच्या बेटावर बांधली, मागच्या फेब्रुवारीत इथूनच पाण्यात उतरली, मे महिन्यात कारवारला नौदलात दाखल झाली. अजिंठ्याच्या भिंतीवरच्या चित्रावरून बेतलेली, इंजिन नाही, फळ्या काथ्याच्या दोरीने शिवलेल्या. शिवणारे कोण, तर बाबू शंकरन आणि त्यांचे केरळचे कारागीर. हे सगळं पेपरात आलंय. २९ डिसेंबरला ती पोरबंदरहून शिडं लावून मस्कतला निघाली, अजून वाटेतच आहे. म्हणजे मी सांगितलं ते छापील सत्य होतं.

मग खुपतंय काय?

(भाऊ मस्कतलाच आहे. जहाज आलं की बघायला धक्क्यावर जाईन म्हणतो. जहाजासाठी त्याला सुट्टी मिळते. जाऊ दे.)

आजो शिवायचे. हे मी त्या मुलाला सांगितलं नाही. आजो बेटाचे, पण त्यांचं काम किनाऱ्यावर, रापणकारांच्या म्हणजे वाळूवरून मोठं जाळं ओढणाऱ्यांच्या होड्यांचं. तिथे बंदर नाही, धक्का नाही. होडी लाटेवर बसून सरळ वाळूवर आपटायची. खिळ्यांनी जखडलेली होडी असं आपटणं फार दिवस सोसत नाही. शिवलेली जराशी वाकते, दबते आणि परत जागेवर येते. पण दोरी कुजते, सैल होते, म्हणून पुन्हा पुन्हा उसवून शिवायची. पावसाळ्यात होड्या माडांखाली ओढून ठेवल्या की आजो बोचकं घेऊन निघायचे. पोर्तुगीज होते तेव्हाची गोष्ट. बरोबर दहा वर्षांचे बाबा.

बाबांना कशाला? तर ते काम एकट्याचं नाहीच. एक जण बाहेर, एक आत. फळ्यांच्या कडांना समोरासमोर भोकं पाडलेली असतात. बाहेरचा दोरीचं टोक भोकातून आत सारतो, आतला ते ओढून घेतो, सांध्यावर ठेवलेल्या सोडणाच्या, म्हणजे नारळाच्या सालीच्या, वळकटीवरून फिरवतो आणि समोरच्या भोकातून परत बाहेर देतो. मग बाहेरचा लाकडी दांड्याने पीळ देऊन आवळतो, तोवर आतल्याने दोरी जिवाच्या आकांताने धरून ठेवायची. शेवटी भोकं काथ्याने बुजवायची, वरून राळ आणि माशाचं तेल. नाळेकडच्या, होडीच्या पुढच्या टोकाच्या, चिंचोळ्या जागेत मोठा माणूस मावत नाही, पोर मावतं. अंधार, कुबट वास, आणि बाहेरचा बाप दिसत नाही. बाहेरच्याला भायलो म्हणायचे, आतल्याला भितरलो.

एवढं मला ठाऊक आहे. आणि तरी मी “नाहीत” म्हणाले. किती पटकन म्हणाले! शेजारच्या घरात कोणी राहतं का विचारल्यावर सांगावं तसं.

नंतरचं सगळ्यांचंच माहीत आहे. सत्तरीच्या दशकात ट्रॉलर आले, रापणकार मातान्ही साल्ढाणांच्या मागे रस्त्यावर उतरले, १९८० मध्ये कायदाही झाला. पण रापणीची होडी मागे पडायची ती पडलीच आणि पुढे फायबरने उरलंसुरलं संपवलं. बाबा तोवर बार्जच्या यार्डात वेल्डर झाले होते. “बापूय शिंवतालो, हांव दसयतां,” म्हणायचे. बाप शिवायचा, मी चिकटवतो. मग २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या, खनिजाच्या बार्जी मांडवीत गंजत उभ्या राहिल्या आणि चिकटवणंही संपलं. डोळे त्याच कामात गेले. डॉक्टर आज परत तेच म्हणाला, जणू आम्हाला नवीन आहे.

मला कुणी शिकवलं नाही, हेही लिहून ठेवते. मुलगी होते. होडीत पाय ठेवला तरी आजी ओरडायची. भावाला शिकवायचं म्हणत म्हणत राहिलं, त्याला तर लाकडाच्या भुशाने शिंका यायच्या. त्यामुळे आमच्यापाशी सांगायला घराणं आहे आणि दाखवायला काही नाही. आज दुपारपासून याचंच रडू येतंय, उगाच, कांदा न चिरता.

पण खरं सांगू? शिकवलं असतं तर मी शिकले असते का? पणजीच्या ऑफिसात एकवीस वर्षं कागदांना भोकं पाडून त्यांतून नाडी ओवतेय. भोक पाडून दोरा ओवणाऱ्यांची ही आमची तिसरी पिढी म्हणायची, मधले बाबा तेवढे वेल्डर निघाले. माझ्या फायली तरंगत नाहीत एवढंच. बुडतात मात्र व्यवस्थित.

आणि बेट सोडून कोण गेलं नाही? सप्तकोटेश्वर गेला. पोर्तुगीजांनी इथलं देऊळ पाडलं, देव नदी ओलांडून पलीकडच्या नार्व्यात गेला, १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी तिथे देऊळ बांधून दिलं. तो काही परत आला नाही. काथ्याची दोरी तरी केरळहून फिरून आली म्हणायची.

जहाज बांधत होते तेव्हा बाबा एकदाच तिकडे गेले होते. फाटकाशी उभे राहिले असतील अर्धा तास. आत या म्हणाले तर गेले नाहीत. घरी येऊन एवढंच बोलले, “ओढ बरी आहे त्यांची.” त्या दिवशी भात दुसऱ्यांदा मागून घेतला. मला तेव्हा वाटलं होतं, भूक लागली असेल.

रात्री जेवताना राहवेना म्हणून विचारलंच. “दुपारी मी त्या मुलाला नाहीत म्हणाले, तुम्हाला वाईट वाटलं?”

माशाचा काटा काढत राहिले. मग म्हणाले, “खरेंच सांगलें तुवें. शिंवपी तो भायलो. हांव भितरलो.”

“पण अर्धं काम तर तुम्हीच...”

“अर्ध्या शिवणीची होडी बुडते.” आणि हसले. खरंच हसले, तोंडात घास असताना. मी इतके तास उरावर घेऊन फिरले त्याचं यांना हसू!

मग आपणहून सांगू लागले. आत काळोख, बाहेर लाटांचा आवाज, हाक ऐकू यायची नाही. म्हणून दोरी आवळून झाली की आजो बाहेरून फळीवर ठोकायचे. एकदा ठोकलं तर धरून ठेव. दोनदा ठोकलं तर सोड, पुढचं भोक.

बाबा मला कधी हाक मारत नाहीत. काही हवं असलं की त्यांच्या खोलीतून भिंतीवर टकटक करतात, दोनदा. आई होती तेव्हा तिच्यासाठीही तेच. मी किती वेळा चिडलेय त्यावरून, मी काय हॉटेलचा वेटर आहे का म्हणून.

आत्ता हे लिहिताना टकटक झाली. दोनदा. थेंबांची वेळ झाली असणार, साडेदहाचे.

जाते. बाटली फ्रिजमध्ये आहे.