कोल्हापूर ते तिरुपती, सोबत ठेचा

उजळाईवाडीच्या विमानतळावर पोचलो तेव्हा काउंटरसमोर एक भजनी मंडळ बॅगा उघडून बसलं होतं. सगळ्या मावश्या नऊवारीत. काटा पंधरा किलोच्या वर गेलेला आणि जादा वजनाचे पैसे भरायला कुणीच तयार नाही. "ह्यो चटणीचा डबा कुणाचा? घाल तुझ्यात!" टाळ हिच्या बॅगेत, गूळ तिच्या. शेवटी काटा १४.९ वर थांबला, तेव्हा मावशींनी काउंटरवरच्या पोरीकडं खासबागेत कुस्ती मारल्यागत बघितलं.

आमच्याकडं विमानतळ राजाराम महाराजांच्या काळापासून आहे, पण विमान म्हणजे आज हाय, उद्या न्हाई. छोटी शहरं स्वस्तात विमानानं जोडायच्या सरकारच्या उडान योजनेत निम्म्या जागा तासाभराच्या अंतराला अडीच हजारांच्या आसपास द्यायच्या आणि तोटा सरकारनं तीन वर्षं भरून काढायचा, असं ठरलं. कोल्हापूर–मुंबई मार्गावर कंपन्या आल्या नि गेल्या, आपण आपलं महालक्ष्मी एक्स्प्रेसमध्ये. तिरुपतीला गिऱ्हाईक मात्र कायम. बालाजीहून अंबाबाईला दरवर्षी शालू येतो, आणि तिकडं जाणाऱ्यांचा ओघ बारमाही.

विमान पंख्याचं, छोटं, मागच्या दारानं चढायचं. दोन्हीकडं दोन-दोन सीट, म्हणजे मध्ये चेंगरून बसायचा प्रश्न नाही. गुडघ्यांचं मात्र काही खरं नाही. शेजारी मघाच्याच मावशी.

"मी पहिल्यांदाच बसलो बघा," त्या म्हणाल्या. "च्या देत्यात न्हवं?"

देतात, पण पैसे घेऊन. २००३ साली कॅप्टन गोपीनाथांनी एअर डेक्कन ही स्वस्त विमान कंपनी काढली तेव्हापासून आपल्याकडं हेच गणित: फुकट जेवण नाही, एकच वर्ग, आणि विमान जमिनीवर जितकं कमी थांबेल तितकं बरं. त्यांनी एक रुपयातही तिकिटं विकली. ती कंपनी किंगफिशरच्या पोटात गेली, पुढं किंगफिशरही बसली, गणित मात्र राहिलं. मला ते पटतं. ज्याला उपमा नको त्यानं माझ्या उपम्याचे पैसे का भरावेत? पण त्या चहाचा दर ऐकला की पटलेलं सगळं विसरायला होतं.

हवाईसुंदरीनं कागदी कपातल्या कोरड्या उपम्यात गरम पाणी ओतलं. मावशी वाकून बघत होत्या. "एवढ्याला एवढं पैसं?" म्हणत त्यांनी पिशवीतनं फडकं काढलं. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा. फडकं सुटलं तसा वास पार कॉकपिटपर्यंत गेला असणार. पुढचा टायवाला गृहस्थ नाक मुरडून वळला, तर मावशींनी त्याच्याही हातात चतकोर ठेवली. त्यानं खाल्ली, वर ठेचा मागून घेतला! हवाईसुंदरी "नो, थँक यू" म्हणाली, पण दोनदा बघून गेली.

तिरुपतीच्या विमानतळावर, म्हणजे रेणिगुंट्याला, पट्ट्यावर बॅगांची वाट बघताना मावशींनी विचारलं, "तुमी कितीला काढलं?"

मी आकडा सांगितला. परवाच काढलेलं तिकीट.

"आगं, ऐकलं का! तेवढ्यात आपल्या दोघी आल्या की!" त्यांच्या भाच्यानं चार महिने आधी काढून ठेवली होती. सगळं मंडळ माझ्याकडं वळून हसलं.

दर्शन झालं, रांगेचं सांगायला नको. परतीच्या विमानाचा त्या दिवसाचा दर बघितला आणि मुकाट हरिप्रिया एक्स्प्रेसचं तत्काळ काढलं.