होती की नव्हतीच?

घरात कॉम्प्युटर एकच होता तेव्हा ‘फाईल कुठाय?’ या प्रश्नाचं उत्तर फोल्डरच्या नावापाशी संपायचं. आता आधी यंत्र सांगावं लागतं. बाबांचा डेस्कटॉप, माझा लॅपटॉप, ताईने लग्नानंतर इथेच ठेवलेला मॅकबुक, शिवाय कपाटावरचा तो जुना लॅपटॉप. त्याची बॅटरी कधीच गेली आहे, पण वायर लावली की सुरू होतो, म्हणून भंगारात जात नाही. आमच्याकडे चालू स्थितीतली वस्तू टाकून द्यायची पद्धत नाही.

या सगळ्यांवर फाईली सारख्या ठेवायच्या, एवढंच काम. ऐकायला कॉपी-पेस्ट वाटतं, आणि पुष्कळ वर्षं लोक तसंच करत होते. १.४४ एमबीची फ्लॉपी शर्टाच्या खिशात घालून ऑफिसातून घरी. विंडोज ९५ मध्ये त्यासाठी ‘माय ब्रीफकेस’ नावाची बॅगही होती. फाईली तिच्यात टाकायच्या, बॅग फ्लॉपीवर घ्यायची, परत आल्यावर ‘अपडेट ऑल’ म्हणायचं. ती मनापासून वापरणारा माणूस मला तरी भेटलेला नाही; बॅगेचं चित्र मात्र सगळ्यांना आठवतं. मग पेन ड्राइव्ह आले, आणि विसरायला आणखी सोपे झाले. बॉस्टनहून न्यूयॉर्कला निघालेल्या ड्रू ह्यूस्टनला बसमध्ये बसल्यावर कळलं की पेन ड्राइव्ह मागेच राहिला. त्या चडफडाटातून २००७ साली ड्रॉपबॉक्स, म्हणजे इंटरनेटवरून सगळ्या यंत्रांवर फाईली सारख्या ठेवणारी सेवा, निघाली, असं तो स्वतःच सांगतो.

वास्तविक नेण्या-आणण्याची अडचण त्याआधीच, १९९६ साली सुटली होती. ऑस्ट्रेलियात अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांनी आरसिंक नावाचं प्रोग्रॅम-साधन लिहिलं. प्रश्न असा, की दोन्हीकडे जवळजवळ सारखीच फाईल आहे आणि मधली लाईन मंद आहे. सगळी फाईल न पाठवता फरक तेवढा कसा ओळखायचा? ज्याच्याकडे जुनी प्रत आहे त्याने तिचे तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकड्याची आकडेमोड करून एक छोटा आकडा काढायचा आणि फक्त ते आकडे पलीकडे पाठवायचे. पलीकडचा आपल्या नव्या प्रतीवरून एकेक बाइट सरकत तसेच आकडे काढत जातो. जुळला तो भाग ‘तुझ्याकडे आहेच’. न जुळलेला मजकूर तेवढा लाईनवर जातो. सरकताना दर वेळी बेरीज पहिल्यापासून करावी लागत नाही. मागचा बाइट वजा, पुढचा मिळवा, झालं. इतकी देखणी गोष्ट शाळेत बेरीज-वजाबाकीच्या धड्यानंतर सांगायला हवी होती, असं मला फार वाटतं.

पण आरसिंकची एक सवय मला त्याहून आवडते. पलीकडे एखादी फाईल जास्तीची दिसली, तर ते तिला हात लावत नाही. पुसायची असेल तर ‘डिलीट’ म्हणून वेगळं बजावावं लागतं. यात खोल शहाणपण आहे. समजा, माझ्या लॅपटॉपवर ‘लाईटबिलं’ नावाचं फोल्डर आहे आणि बाबांच्या डेस्कटॉपवर नाही. म्हणजे मी ते नवीन केलं, की बाबांनी पुसलं? दोन्ही पडदे शेजारी ठेवून कितीही वेळ बघत बसा, उत्तर मिळणार नाही. होती आणि गेली, की मुळात नव्हतीच? नसलेली फाईल दोन्ही वेळा सारखीच दिसते.

तेव्हा यंत्राला तिसरी गोष्ट लागते: मागच्या वेळी दोघांचं एकमत झालं तेव्हा काय काय होतं, याची आठवण. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या बेंजामिन पिअर्स यांच्या युनिसन या फाईली जुळवणाऱ्या प्रोग्रॅमचा सगळा भर या आठवणीच्या वहीवर आहे. वहीत नोंद आहे आणि इथे फाईल नाही, म्हणजे पुसली. नोंदच नाही, म्हणजे पलीकडे नवीन आली. पुसलेल्याची अशी नोंद ठेवण्याला या धंद्यातले लोक चक्क थडगं म्हणतात. आता ही थडगी किती दिवस सांभाळायची? सिंकथिंग हे यंत्रायंत्रांतल्या फाईली आपसात जुळवून ठेवणारं सॉफ्टवेअर आवृत्ती २ पासून ती १५ महिन्यांनी मोडीत काढतं. वर्षश्राद्ध उरकून वर तीन महिने, म्हणजे आपल्या हिशेबाने रीतसरच झालं.

धोका त्या कपाटावरच्या लॅपटॉपसारख्यांचा असतो. दीड-दोन वर्षांनी कुणीतरी सहज त्याला वायर लावतं. त्याच्या लेखी सगळं जिथल्या तिथे आहे. घरचे बाकीचे थडगी विसरलेले. मग पुसून टाकलेल्या फाईली नवीन म्हणून सगळ्या घरात दाखल होतात, आणि विकून टाकलेल्या स्कूटरचा विमा आपल्याकडे बघत बसतो.

ताईच्या मॅकची तऱ्हा वेगळी, आणि ती खास आपल्या लिपीची आहे. ‘साऱ्यांचे पत्ते’ या नावातला ऱ्य लिहिताना जो ऱ लागतो, त्याला युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या जगभरच्या अक्षरांच्या यादीत, स्वतंत्र जागा आहे. पण तोच र आणि खाली नुक्ता असा दोन भागांतही लिहिता येतो. मॅकची जुनी एचएफएस प्लस फाईल-व्यवस्था नावं साठवताना अक्षरं अशी सुटी करते. लिनक्स ही दुसरी कार्यप्रणाली दिलेलं नाव जसंच्या तसं ठेवते. जो प्रोग्रॅम हे जाणत नाही त्याला त्या दोन वेगळ्या फाईली वाटतात, आणि एकाच फोल्डरमध्ये ‘साऱ्यांचे पत्ते’ शेजारी ‘साऱ्यांचे पत्ते’. डोळ्यांत तेल घालून बघितलं तरी फरक सापडत नाही, कारण दिसण्यात तो नाहीच.

राहिला दोघांनी एकाच फाईलमध्ये हात घालण्याचा प्रश्न. आधी कोण आणि नंतर कोण, हे घड्याळावर सोडू नये, हे संगणकशास्त्रज्ञ लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९७८ सालीच लिहून ठेवलंय. म्हणून शहाणे प्रोग्रॅम प्रत्येक यंत्राने केलेले बदल मोजत जातात; कुणी कुणाचं पाहून लिहिलं, ते त्यावरून कळतं. एकमेकांचं न बघता दोघांनी लिहिलं असेल, तर सिंकथिंग भांडण मिटवायला जात नाही, दोन्ही प्रती ठेवतं. मूळ नाव कुणाला द्यायचं, एवढ्यापुरतं मात्र ते घड्याळ बघतं. ज्या प्रतीची वेळ जुनी, तिच्या नावाला ‘सिंक-कॉन्फ्लिक्ट’चं लांबलचक शेपूट लागतं.

आमच्याकडे ही वेळ कुळवृत्तांतावर येते. बाबा डेस्कटॉपवर घराण्याची नवी माहिती भरतात. छापील पोथीच्या शिस्तीने, म्हणजे मुलांची शाखा पुढे आणि मुलगी ‘दिली अमक्या गावी’ म्हणून तिथेच थांबलेली. आई माझ्या लॅपटॉपवर त्याच फाईलमध्ये त्या मुलींच्या मुलाबाळांची नावं घालते. आता बाबा रोज रात्री बोर्डावरचं बटण बंद करतात, आणि डेस्कटॉपच्या मदरबोर्डवरचा, वीज नसताना घड्याळ चालवणारा सेल मेलेला आहे. त्यामुळे सकाळी त्या यंत्राला १ जानेवारी २०१२ उजाडते. दोघांनी एकाच दिवशी लिहिलं की बाबांची प्रत हमखास कित्येक वर्षं जुनी ठरते. शेपूट तिला लागतं, आणि मूळ नावाने आईचा कुळवृत्तांत घरभर जातो.

सीआर२०३२ नंबरचा तो सेल नाक्यावरच्या घड्याळवाल्याकडेही मिळतो. बाबा आणायला सांगत असतात. सामानाची यादी आई करते.