मार्माइटवर पहिला हक्क परळचा

इथे सध्या पिठावरून वाद चाललाय. डिसेंबर २०२६ पासून युकेमधल्या पांढऱ्या पिठात फोलिक ॲसिड, म्हणजे एक ब जीवनसत्त्व, घालणं सक्तीचं होतंय (होलमील वगळून, आणि अगदी छोट्या गिरण्यांनाही सूट आहे) आणि परवा ऑफिसच्या किचनमध्ये एक जण तावातावाने सांगत होता की सरकारने आमच्या ब्रेडमध्ये नाक खुपसू नये, ब्रेड आहे तसा नैसर्गिक राहू द्या. नैसर्गिक! आणि हातात काय, तर पिशवीतला चौकोनी पांढरा ब्रेड. मी चहा ढवळत गप्प उभी होते, पण तेव्हापासून डोक्यात जे घोळतंय ते इथे ओकून टाकते.

तर आधी हे ऐका. इथल्या पांढऱ्या पिठात कॅल्शियम, लोह, थायमिन आणि नायसिन कायद्यानेच घालावं लागतं, कॅल्शियम तर दुसऱ्या महायुद्धापासून. म्हणजे सरकारचं नाक आधीपासून पिठातच आहे. आणि ब्रेड करायची पद्धत म्हणाल तर ती १९६१ साली लंडनजवळच्या चोर्लीवुड नावाच्या गावात, एका संशोधन केंद्रात शोधून काढलीय. इथल्या गव्हात प्रोटीन कमी, त्याचा ब्रेड नीट फुगत नाही, म्हणून कॅनडाचा गहू आणावा लागायचा. मग या लोकांनी काय केलं, तर पीठ, पाणी, जास्तीचं यीस्ट, थोडं फॅट आणि व्हिटॅमिन सी असं सगळं एकत्र करून मशीनमध्ये प्रचंड वेगाने काही मिनिटं घुसळायचं, की झालं, मळून तासन्‌तास फुगत ठेवायची भानगडच नाही. पिठापासून कापलेल्या, पिशवीत भरलेल्या ब्रेडपर्यंत साधारण साडेतीन तास. आजही इथला ऐंशी टक्के ब्रेड असाच होतो. इंजिनिअर म्हणून मी याला सलाम करते, पण खायला बसलं की सलाम विसरायला होतो.

एक स्लाइस घ्या आणि दोन बोटांत दाबा. तिची गोळी होते आणि गोळीच राहते, परत उघडत नाही. तोंडात घातली तर टाळूला चिकटते, जिभेने सोडवत बसा. सुपरमार्केटमध्ये या ब्रेडची अख्खी गल्ली असते, मीडियम, थिक, टोस्टी, मोठा आठशे ग्रॅमचा, छोटा चारशे ग्रॅमचा, आणि लोक तिथे उभं राहून खरंच विचार करतात की आज कुठला घ्यावा. चवीत फरक शून्य. घरी आणला की अर्धा फ्रीझरमध्ये जातो, तिथून थेट टोस्टरमध्ये. त्यात काही घरी टोस्ट उभा करून ठेवायचं चांदीचं स्टँड असतं, म्हणजे गरम टोस्ट मुद्दाम गार करून खायची सोय!

आपल्याकडेही पिशवीतला स्लाइस ब्रेड असतो, मान्य. पण आपण तो तापात दुधात बुडवून खातो, नाहीतर सँडविचवाल्याकडे, आणि तो बिचारा हिरवी चटणी, बटाटा, बीट, कांदा, वरून चाट मसाला असं सगळं लावून त्याला माणसांत आणतो. नुसता ब्रेड कौतुकाने खायचा तर तो पाव. लालबागला आमच्या चाळीच्या मागेच बेकरी होती, पहाटे लादी बाहेर पडायची, खालून थोडी करपलेली, मधोमध तोडली की वाफ. हां, ती भट्टी भंगारातल्या लाकडावर चालायची आणि मागच्या खोल्यांमध्ये धूर भरायचा, आजीचा खोकला त्या धुराचाच असं आई अजून म्हणते. २०२५ मध्ये हायकोर्टाने मुंबईतल्या अशा भट्ट्यांना गॅस नाहीतर विजेवर जायला सांगितलं, ते बरोबरच झालं. पाव तरीही पावच.

क्रंपेटबद्दल मात्र मी एक वाकडा शब्द बोलणार नाही. हा इथला एकच पदार्थ असा की बघितल्या बघितल्या घरचा वाटला. सैलसर पीठ, यीस्ट घालून आंबवलेलं, वर थोडी बेकिंग पावडर नाहीतर सोडा, तव्यावर गोल रिंग ठेवून त्यात ओतायचं आणि मंद आचेवर एकाच बाजूने शिजवायचं, वर बुडबुडे येऊन फुटतात आणि अंबोळीसारखी जाळी पडते. आईला व्हिडिओ कॉलवर दाखवलं तर म्हणाली, "अगं ही वरून कच्ची राहिलीय, उलट ती." कारण विकतची क्रंपेटं पांढरीफटक आणि ओलसर असतात, ती तशी खायचीच नसतात, परत टोस्ट करायची, आणि टोस्टरमध्ये एकदा नाही दोनदा, मग कड कुरकुरीत होते आणि आत मऊ राहतं. वर लोणी फासलं की ते भोकांतून खाली मुरतं आणि चावलं की मनगटावर ओघळतं. शेजारच्या बाईंनी, वय असेल पंच्याहत्तर, मला त्यांच्या आईच्या वेळच्या लोखंडी रिंगा दिल्या, म्हणाल्या माझ्याकडे आता कोण करतं. मी त्यात तांदूळ-उडदाचं पीठ घालून बघितलं, मस्त झालं. त्यांनाही दिलं. त्यांनी त्यावर मार्माइट लावून खाल्लं.

आता मार्माइट. ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी: पोटुशी काळी बाटली, पिवळं झाकण, आत काळपट चिकट लगदा, चमच्यावरून खाली पडायला तयार नाही. बिअर गाळून खाली जे यीस्ट उरतं त्यात मीठ घालतात, मग त्या पेशी स्वतःच स्वतःला विरघळवतात, सालं गाळून काढायची आणि उरलेलं आटवायचं. १९०२ पासून बर्टन अपॉन ट्रेंटला होतं. आम्ही राहतो डार्बीला, बर्टन अगदी जवळ, त्या गावात शिरलं की गाडीच्या काचा बंद असल्या तरी वास आत येतो. तिथल्या जिप्समवाल्या जड पाण्याने तिथली बिअर नावाजली, आणि १८२० नंतर तीच बिअर पिंपं भरभरून आपल्याकडे साहेबांसाठी येत होती.

या वासावर मला जरा सविस्तर बोलायचंय. मागे मी ऑफिसमध्ये डब्यात सुक्या बोंबलाचं कालवण नेलं, मायक्रोवेव्हमध्ये दोन मिनिटं गरम केलं. संध्याकाळी सगळ्यांना ईमेल, अत्यंत गोड भाषेत, की तीव्र वासाचे पदार्थ किचनमध्ये गरम करणं टाळावं, सर्वांचा विचार करावा. कुणाचं नाव नाही. नाव कशाला हवं, माझ्याशिवाय तिथे कालवण आणतंय कोण! आणि ज्या ओट्यावर मायक्रोवेव्ह आहे त्याच्याच वरच्या फळीवर मार्माइटची बाटली, सकाळी साडेनऊला तीन-चार जण ते गरम टोस्टवर फासून खातात, त्याचा वास नाही कुणाला. त्या वासावर म्हणे प्रेम करा नाहीतर द्वेष करा, १९९६ पासून जाहिरातच तशी आहे. आमच्या बोंबलाला दोन पर्याय कुणी दिलेच नाहीत. २०१६ मध्ये ब्रेक्झिटनंतर पौंड पडला, टेस्को हे सुपरमार्केट आणि मार्माइट बनवणारी युनिलिव्हर यांचं किमतींवरून वाजलं, बऱ्याच वस्तू ऑनलाइन मिळेनाशा झाल्या, पण देशाने शोक केला तो मार्माइटचा. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये पब बंद, बिअर कमी, म्हणून यीस्ट कमी, मग मोठ्या बाटल्या काढणंच बंद केलं, तीही बातमी झाली. बर्टनमध्ये तर त्या बाटलीचं शिल्प आहे!

तर ते शिल्प खरं परळला हवं होतं. १९२८ मध्ये लूसी विल्स नावाची ब्रिटिश डॉक्टर मुंबईला आली, कारण कापड गिरण्यांमधल्या गरीब गरोदर बायकांना एक भयंकर ॲनिमिया होत होता, रक्तातल्या लाल पेशी मोठ्या आणि कमी, आणि बायका दगावत होत्या. तिने परळच्या हाफकिन संशोधन संस्थेत काम केलं. हो, आपलं हाफकिन, आचार्य दोंदे मार्गावरचं, ज्याच्या गेटवरून मी रोज शाळेत जायचे. आधी उंदरांवर, मग माकडांवर प्रयोग केले आणि लक्षात आलं की मार्माइट दिलं की रक्त सुधारतं, मग त्या बायकांना दिलं, त्या बऱ्या झाल्या. १९३१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये तिचा पेपर आला. मार्माइटमधल्या त्या अज्ञात गोष्टीला लोक विल्स फॅक्टर म्हणायला लागले आणि १९४० च्या दशकात कळलं की ते फोलिक ॲसिड. पुढे १९९१ मध्ये इथल्याच मेडिकल रिसर्च कौन्सिलच्या अभ्यासात दिसलं की आधी मणक्याचा दोष असलेलं बाळ झालेल्या बायकांनी दिवस राहायच्या आधीपासून फोलिक ॲसिड घेतलं तर तो दोष परत यायचं प्रमाण ७२ टक्क्यांनी घटतं. अमेरिकेने १९९८ मध्ये पिठात घालायला लावलं. इथे घालायला २०२६ उजाडलं, आणि तरी आमचा तो नैसर्गिक ब्रेडवाला कुरकुरतोय.

माझी पणजी त्याच काळात गिरणीच्या वाइंडिंग खात्यात होती, तिची बाळंतपणंही त्याच वर्षांतली. त्यामुळे लालबाग-परळच्या बायकांच्या रक्तावर जे सिद्ध झालं ते खायला मला कुणाची परवानगी लागत नाही, असं मी नवऱ्याला सांगितलं, जेव्हा त्याने आमच्या कपाटात ती पिवळ्या झाकणाची बाटली बघून "तू पण?" असं विचारलं. टोस्टवर मी खात नाही, तेवढी इंग्रज झालेले नाही. पण मसुराच्या आमटीत अर्धा चमचा घातलं ना, आणि मीठ कमी केलं, तर आमटीला असा काही दाटपणा येतो की विचारू नका, पाहुणे वाटी पुढे करतात. क्रंपेटवर मात्र भरपूर लोणी आणि त्यावर अगदी पुसट हात फिरवून, एवढं चालतं.

सासूबाई ऑक्टोबरमध्ये येतायत. माळकरी आहेत, माझ्या बोंबलांचं त्यांना ठाऊक आहे आणि त्यांनी ते केव्हाच सोडून दिलंय. फोनवर आमटीची कृती विचारली, मी मार्माइटचं सांगितलं, तर पहिला प्रश्न, "त्यात मांसबिंस नाही ना गं?" म्हणलं नाही हो, पूर्ण शाकाहारी, बाटलीवर लिहिलंय. "मग आमच्यासाठीही एक आणून ठेव." ठेवलीय. बिअरचं अजून सांगितलेलं नाही.