चोवीस मेणबत्त्यांसाठी हजार टन दगड

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, प्लिमथ बंदरापासून साधारण २२ किलोमीटर आत समुद्रात एडिस्टनचे खडक आहेत. १६ ऑक्टोबर १७५९ च्या रात्री तिथल्या नव्या दगडी दीपगृहात दिवा लागला. दिवा म्हणजे काय, तर झुंबरावर लावलेल्या २४ मेणबत्त्या. भिंग नाही, आरसा नाही. मेणबत्त्याही चरबीच्या. त्या काळची पिळाची वात जळताना वाकून ज्योतीबाहेर येत नसे. ज्योतीतच उभी राहून काजळी धरायची, आणि मग उजेड मंद व्हायचा, चरबी ओघळायची. त्यामुळे रखवालदारांनी रात्रभर वाती कातरत राहायचं. विसर पडू नये म्हणून दर अर्ध्या तासाला टोला देणारं घड्याळ होतं. आज घरातल्या एका बल्बपुढे फिका पडेल असा हा उजेड, आणि तो उचलून धरायला खाली जवळजवळ हजार टन दगड!

एवढा खटाटोप का, ते आधीच्या दोन दीपगृहांची गत पाहिली की कळतं. पहिलं हेन्री विन्स्टनलीचं, १६९८ चं. त्याने खडकात बारा भोकं पाडून लोखंडी गज उभे केले आणि शिसं ओतून ते पक्के केले. (शिसं ओतून पाया पक्का केल्याचं आपल्याकडे सिंधुदुर्गाबद्दलही सांगतात, तोही त्याच शतकातला.) वरची लाकडी इमारत मात्र सज्जे, नक्षी, पताका अशी नटवलेली. विन्स्टनलीचा तिच्यावर इतका विश्वास, की मोठ्यात मोठ्या वादळात आपण आत असावं असं तो म्हणायचा. नोव्हेंबर १७०३ च्या महावादळात तो दुरुस्तीसाठी आतच होता. सकाळी खडकावर वाकलेले गज तेवढे उरले होते.

दुसरं जॉन रडयर्डचं. हा पेशाने रेशमाचा व्यापारी, पण त्याने जहाजबांधणीचे सुतार हाताशी धरले आणि नक्षीला फाटा दिला. बुडाशी वजनासाठी दगडाचे थर, बाहेरून उभ्या फळ्यांचा गुळगुळीत निमुळता शंकू. लाटांना पकडायला काही मिळेना. ४७ वर्षं ते टिकलं. डिसेंबर १७५५ मध्ये आग लागली ती आतूनच, वरच्या दिव्याच्या खोलीत. ९४ वर्षांचा रखवालदार हेन्री हॉल खालून वर बादलीने पाणी फेकत असताना छताचं वितळलेलं शिसं त्याच्या अंगावर, तोंडात पडलं. शिसं पोटात गेलंय, असं तो सांगत होता; डॉक्टर मानेनात. बारा दिवसांनी तो गेला, तेव्हा पोटातून सुमारे २०० ग्रॅमचा गोळा निघाला. तो अजून स्कॉटलंडच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे.

तिसऱ्या वेळी काम आलं जॉन स्मीटनकडे. वय बत्तिशीच्या आसपास, मूळ धंदा शास्त्रीय उपकरणं बनवण्याचा. ओक झाडाचा बुंधा पाहून त्याला बुडाशी पसरट आकार सुचला, ही गोष्ट सगळे सांगतात. मला ती जरा जास्तच गाजलेली वाटते. झाडाला मुळं असतात, बुरुजाला नसतात. बुरुज टिकतो तो वजन खाली असल्याने आणि दगड सुटा न झाल्याने. स्मीटनची खरी अक्कल सांध्यांत आणि चुन्यात दिसते.

खडकाचा उतार त्याने पायऱ्यांसारखा छाटला. प्रत्येक दगडाची कड पंख्यासारखी बाहेर रुंद होणारी, शेजारच्या दगडात तशीच खाच. असा दगड आडवा ओढून निघत नाही, फक्त वर उचलून निघतो. आणि वर पुढचा थर बसलेला असतो. थर एकमेकांवरून सरकू नयेत म्हणून मध्ये संगमरवरी ठोकळे, अर्धा खालच्या थरात, अर्धा वरच्या. चुना धरेपर्यंत दगड हलू नये म्हणून ओकच्या पाचरी. प्रत्येक थर आधी किनाऱ्यावर जुळवून पाहायचा आणि मगच बोटीत चढवायचा, कारण ओहोटीचे तास मोजके. समुद्रात कानस घेऊन बसायला वेळ नसतो.

चुन्याची अडचण वेगळी. साधा पांढरा चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड वायू घेऊन कडक होतो. पाण्याखाली हवा मिळत नाही, तो मऊच राहतो आणि लाट त्याला धुऊन नेते. स्मीटनने ठिकठिकाणच्या चुनखडीचा चुना करून, त्याचे लिंबाएवढे गोळे पाण्यात टाकून पाहिले. कठीण दगडाचा चुना कठीण, हा गवंड्यांचा समज खोटा निघाला. ज्या चुनखडीत मातीचा अंश होता, तिचाच चुना पाण्यात धरत होता. नत्राम्लात (नायट्रिक अॅसिडमध्ये) दगड विरघळवला की तळाशी ती माती उरायची. मग वेल्समधल्या अॅबरथॉचा चुना आणि इटलीहून आलेली पोझोलाना ही ज्वालामुखीची माती, समप्रमाणात. आपल्याकडचे गवंडी चुन्यात सुरखी, म्हणजे भाजलेल्या विटांची पूड, घालत ते याच कामासाठी. पुढच्या सिमेंटच्या शोधांना स्मीटनच्या या गोळ्यांचा मोठा आधार झाला.

हा बुरुज शंभर वर्षांहून जास्त उभा राहिला, मेणबत्त्या जाऊन १८१० मध्ये तेलाचे दिवे आले, तरी सांधे सुटले नाहीत. झिजला तो खालचा खडक. लाटांनी त्यात पोकळी केली आणि मोठ्या लाटेला बुरुज हादरू लागला. शिवाय त्या नावाजलेल्या पसरट बुडावरून लाटा वर चढत, थेट दिव्याच्या काचांपर्यंत. म्हणून चौथं दीपगृह बांधताना जेम्स डग्लसने शेजारचा खडक निवडला आणि बुडाशी १३ मीटर व्यासाचा सरळ उभा गोल चौथरा घातला. लाट त्यावर आपटून तिथेच फुटते. ४९ मीटरचं हे दीपगृह १८८२ पासून चालू आहे. १९८२ मध्ये ते स्वयंचलित झालं आणि रखवालदार उतरले. आता दुरुस्तीची माणसं हेलिकॉप्टरने येतात, त्यासाठी दिव्याच्या खोलीवरच मंच बांधलाय. स्मीटनच्या बुरुजाचा वरचा भाग लोकांनी वर्गणी काढून प्लिमथच्या टेकडीवर हलवला, तिथे आत जिना चढून जाता येतं. खालचा भरीव भाग मात्र जुन्या खडकावरच ठेवून दिला.