स्विचचं फर्मवेअर मिळवताना आलेला वैताग (माझा अनुभव)

मी वाळूजला मेंटेनन्सला आहे, ऑटोमेशनचं सगळं माझ्याकडंच. आमच्या पॅनलमधे डीन रेलवर (आतल्या लोखंडी पट्टीवर) बसणारे मॅनेज्ड स्विच आहेत, म्हणजे मशीनचं नेटवर्क जोडणारे, सेटिंग करता येणारे डबे. त्यांच्या फर्मवेअरमधे (आतल्या सॉफ्टवेअरमधे) पासवर्ड नीट झाकलेला नाही अशी नोटीस बनवणाऱ्या कंपनीनंच काढली होती. मी स्विचच्या सेटिंगची बॅकअप फाईल नोटपॅडमधे उघडून बघितली तर पासवर्डच्या जागी अगडबगड अक्षरं आणि शेवटी दोन बरोबरची चिन्हं, म्हणजे बेस६४, नुसती अक्षरं बदलून लिहायची पद्धत. त्याला चावी-बिवी काही लागत नाही, उलटं फिरवलं की अॅडमिनचा पासवर्ड जशाला तसा समोर. ती फाईल ज्याच्या हातात गेली तो पोर्ट बंद करू शकतो, व्हीलॅन (एकाच स्विचवर पाडलेले नेटवर्कचे वेगळे भाग) बदलू शकतो, आणि पलीकडचे पीएलसी, म्हणजे मशीन चालवणारे कंट्रोलर, मॉडबस टीसीपी या नेटवर्कच्या भाषेवर, ते ५०२ नंबरच्या नेटवर्क पोर्टवर पासवर्ड विचारतच नाहीत!

नवीन फर्मवेअर निघालेलं होतं, पण डाउनलोडला लॉगिन पाहिजे, लॉगिनला सिरियल नंबर, आणि नंबर टाकला की हा दुसऱ्याच्या नावावर आहे म्हणून नकार. कारण स्विच पॅनलवाल्यानं घेतलेले. कंपनीच्या सपोर्टला तिकीट (तक्रार) टाकलं तर म्हणे पॅनलवाल्याचं लेटरहेडवर ना-हरकत पत्र आणा. त्या पॅनलवाल्याचं दुकान कधीच बंद झालंय, पत्र देणार कोण? बिलाची कॉपी, पॅनलचा फोटो, सिरियलच्या स्टिकरचा फोटो, सगळं पाठवलं, तर उत्तर आलं की प्रतिसाद न मिळाल्यामुळं तिकीट बंद करत आहोत. अरे मी रोज मेल करायलो की! परत नवीन तिकीट, परत पहिल्यापासून तेच प्रश्न, डीलरला फोन केला तर तो म्हणतो साहेब पासवर्ड मोठा ठेवा, काही होत नाही. कितीही मोठा ठेवला तरी फाईलमधे तो उघडाच पडणार, हे त्याला समजावून सांगता सांगता माझं डोकं उठलं. शेवटी नोटीसमधे दिलेल्या सिक्युरिटी टीमच्या मेलवर थेट लिहिलं, तिथून लिंक आली. सपोर्टच्या नादी लागण्याआधी तुम्ही तिथंच लिहा.

अपडेट रविवारी शटडाउनमधे केलं, स्विच रीबूट होतो म्हणून चालू लाईनवर करू नका. डाउनलोड झाल्यावर फाईलचा चेकसम (फाईल जशीच्या तशी आली का ते दाखवणारा आकडा) जुळवून घ्या. लिंक येईपर्यंत आम्ही टेलनेट (पासवर्ड उघडाच पाठवणारं लांबून लॉगिन) बंद केलं, एसएनएमपीचे (स्विचवर लांबून नजर ठेवायची सोय) पब्लिक-प्रायव्हेट हे आधीपासून ठरलेले पासवर्डसारखे शब्द बदलले, स्विचच्या मॅनेजमेंटची व्हीलॅन वेगळी केली, हे तर कुणालाही न विचारता आजच करता येतं. नवीन पॅनल घेणार असाल तर पीओमधेच (खरेदीच्या ऑर्डरमधे) लिहून घ्या की स्विचचं रजिस्ट्रेशन आपल्या नावावर पाहिजे.

अन् एक राहिलंच, फर्मवेअर टाकल्यावर जुना पासवर्ड तसाच ठेवू नका. जुन्या बॅकअप फाईली कुणाकुणाच्या लॅपटॉपवर, मेलमधे पडलेल्या असतात, त्यात तो अजून वाचता येतो. आम्ही सगळ्या स्विचचे पासवर्ड बदलले, मगच लाईन प्रॉडक्शनला दिली.