ग्रुपात दोनशे जण आणि सगळे गप्प

रावेर-यावलकडचा केळीच्या भावाचा ग्रुप घ्या, नाहीतर अमळनेरकडचा गावाच्या नावाचा. रात्री कुणीतरी गावातल्याच मुलीचा फोटो टाकतो, खाली घाणेरडी ओळ. दोन हसऱ्या इमोजी. मग शांतता. मग उद्याचे भाव. त्या मुलीला वाटतं, सगळ्यांना हे पटलंय. खरं तर बहुतेक जण दुसरं कोणी बोलेल म्हणून थांबलेले असतात.

१९६८ साली डार्ली आणि लाताने या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेत विद्यार्थ्यांना इंटरकॉमवर कुणाला तरी फिटचा झटका आल्याचं ऐकवलं. ऐकणारे आपण एकटेच, असं ज्यांना वाटत होतं त्यांच्यातले ८५ टक्के झटका संपायच्या आत मदतीला उठले. आणखी चौघं ऐकताहेत असं वाटलं, तेव्हा ३१ टक्के. पुढे २००० साली मार्की यांनी चॅट ग्रुपांत तेच तपासलं. माणसं वाढली की मदत उशिरा येते. पण नाव घेऊन एकालाच विचारलं की हा फरक उरत नाही.

व्हॉट्सअ‍ॅपने त्यात भर घातली आहे. मेसेज कुणी वाचला हे फक्त टाकणाऱ्यालाच दिसतं, आणि ग्रुपात निळी टिक बंद करूनही लपता येत नाही. म्हणजे त्याला दिसतं की शंभर जणांनी वाचलं आणि एकानेही हटकलं नाही.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट. टाकणारा कुणाचा तरी भाचा असतो, कुणाची सोयरीक त्याच घरात चाललेली असते, कुणाचा माल त्याच्याच काकांकडे जातो. ‘आपण कशाला वाईटपणा घ्यायचा?’ ही भीती खोटी नाही. म्हणून ग्रुपातच भांडा, असं मी सांगणार नाही. तिथे वाद पेटला की तो मेसेज न पाहिलेलेही वर जाऊन शोधतात.

आधी त्या मुलीला खाजगीत लिहा: ‘मी पाहिलं. हे चुकीचं आहे. काय करू सांग.’ तिला न विचारता तिच्या वडिलांना किंवा भावाला फोन करू नका. बऱ्याच घरांत त्याचा शेवट तिचा मोबाइल काढून घेण्यात आणि कॉलेज बंद होण्यात होतो.

मग पुरावा. ग्रुपचं नाव, नंबर, तारीख आणि वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट, तोही अ‍ॅडमिनने मेसेज पुसायच्या आत. फोटो नग्न असेल तर मात्र स्क्रीनशॉट नको. नंबर आणि वेळ कागदावर लिहा. असा फोटो पुढे पाठवणं आयटी कायद्याच्या कलम ६७अ खाली गुन्हा ठरू शकतं. मुलगी अल्पवयीन असेल तर ६७ब लागतं, आणि त्यात तो जवळ ठेवणंही येतं.

त्यानंतर एकाच अ‍ॅडमिनला, ‘भाऊ, तुम्हीच काढा’ असं नाव घेऊन खाजगीत सांगा. पोलिसांची धमकी देऊ नका. दुसऱ्याच्या पोस्टसाठी निव्वळ अ‍ॅडमिन आहे म्हणून गुन्हेगार धरता येत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटलं आहे. तो घाबरला तर ग्रुपच उडवेल. मेसेजवर बोट दाबून ठेवून रिपोर्ट करा. टाकणाऱ्याला ते कळत नाही.

१९३० हा सायबर हेल्पलाइनचा नंबर मुख्यतः पैशांच्या फसवणुकीसाठी आहे. या तक्रारीसाठी राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टल उघडा. महिला आणि मुलांशी संबंधित लैंगिक मजकुराची तक्रार तिथे नाव न देताही करता येते.